गावच्या लाकडी वाड्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न, आणि एकदाच काय ती उत्तरं

आमच्या माहेरचा वाडा पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या काठाला. मी राहते पुण्यात कोथरूडला, नोकरी बँकेत, आर्किटेक्ट वगैरे अजिबात नाही. पण गेली चार वर्षं दर शनिवार-रविवार दिवेघाट चढून वाड्याची डागडुजी करून घेतेय त्यामुळे भाऊबंद, शेजारी, ऑफिसातले, फोटो बघून फोन करणारे, सगळे तेच तेच विचारतात. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवलंय. कोणी विचारलं की लिंक पाठवणार, बस.

हा वाडा म्हणायचा का नुसतं जुनं घर?

गावात ज्याला चौक आणि दिंडी दरवाजा त्याला वाडा म्हणतात, एवढं साधं आहे. मोठ्या दरवाज्यातच माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार असतं ती दिंडी. आमचा एकचौकी आहे. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा डोळ्यापुढे आणून आलात तर निराश व्हाल, आमच्याकडे कारंजं नाही, नक्षीची महिरपही एकच आहे आणि तिचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. पण सांगाडा तोच, म्हणजे पेशव्यांच्या वाड्याचा आणि आमच्यासारख्या पाटील-कुलकर्णी छाप गावच्या वाड्याचा सांगाडा एकाच पद्धतीचा, फरक फक्त पैशाचा आणि सुताराकडे किती वेळ होता त्याचा.

भिंती अडीच फूट जाड आहेत, म्हणजे वजन भिंतीच घेत असणार ना?

नाही! हा प्रश्न नंबर एक आणि याचं उत्तर चुकीचं माहीत असल्यामुळे तालुक्यात कितीतरी वाडे पाडले गेलेत असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा लांबण लावते.

वाड्याचं वजन लाकडी सांगाडा घेतो. खाली दगडाचं उथळं म्हणजे खांबाची बैठक, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे घोडे, त्यांच्यावर तुळई म्हणजे मुख्य जाड आडवं लाकूड, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या म्हणजे तक्तपोशी, तिच्यावर माती आणि वर शेणाचं सारवण. ही झाली माडीची जमीन. माडीवर परत खांब, मग आढं म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, वासे, रिपा, कौलं. हे सगळं एकमेकांत अडकवलेलं एक टेबल समजा. भिंत म्हणजे त्या टेबलाभोवती लावलेला पडदा, जाड असला तरी पडदाच. ती ऊन अडवते, चोर अडवते, कोनाडे देते, पण बहुतेक ठिकाणी ती स्वतःचंच वजन पेलत उभी असते. खांब कधी भिंतीच्या आतल्या अंगाला लागून असतात तर कधी अर्धे भिंतीत गाडलेले, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतच नाहीत आणि त्याला वाटतं सगळं भिंतीवरच आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आमची मागची, परसाकडची भिंत बसली. मधला दहा-बारा फुटांचा तुकडा रात्री धप्पकन खाली. सकाळी काकांचा फोन, "वाडा पडला." मी रडत रडत गावाला पोचले तर काय, भिंतीच्या जागी दगडमातीचा ढीग, त्यातून भेंडे म्हणजे त्या मोठाल्या कच्च्या विटा विरघळून चिखल झालेल्या, पण वरची माडी जशीच्या तशी, कौल एक हललं नव्हतं. माजघरातनं थेट परसातली लिंबोणी दिसत होती आणि मधे तीन खांब जागच्या जागी उभे. आत्या म्हणाली, पोट दिसतंय ग वाड्याचं. खरं तर त्या दिवशी मला हे घर कळलं.

तर भिंतीला फुगा आला, भेग पडली, की "आता संपलं, पाडा" असं सांगणाऱ्या माणसाला आधी विचारा, खांब बघितलेस का? तुळईला टोचून बघितलंस का? भिंत परत बांधता येते. एक गोष्ट मात्र आहे, सगळीकडे हे असंच असतं असं नाही, काही घरांत कड्यांचं एक टोक सरळ भिंतीत खोचलेलं असतं आणि तिथे भिंत खरंच वजन घेते. म्हणून आधी प्रत्येक कडीचं टोक कुठे टेकलंय ते शोधायचं. टॉर्च, शिडी आणि एक दिवस, एवढंच लागतं.

खण म्हणजे काय? तुमचा वाडा किती स्क्वेअर फूट?

स्क्वेअर फूट मी कधी मोजलेच नाहीत. जुन्या घराचं माप खणात. दोन खांबांमधला किंवा दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. चार खणी सोपा (माजघराच्या पुढचा बैठकीचा भाग), सहा खणी माजघर असं बोलतात. यात गंमत अशी की घराचं डिझाइनच खणात होतं, म्हणजे दोन भावांची वाटणी झाली तरी "पूर्वेचे तीन खण तुझे" अशी व्हायची, आणि घर वाढवायचं तर आणखी दोन खण काढायचे. लाकडाची जेवढी लांबी सहज मिळते आणि जेवढी न वाकता वजन घेते त्यावरून खण ठरायचा, म्हणून खोल्या लांबट आणि अरुंद. आत आलेला प्रत्येक जण म्हणतो मधे खांब कशाला, हॉल मोठा झाला असता. झाला असता, पण वर छप्पर राहिलं नसतं.

एकही खिळा नाही म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं. मुख्य सांगाड्यात, म्हणजे खांब-तुळईच्या जोडात, खिळा नाही. खांबाच्या डोक्यावर एक कुसू काढलेलं असतं, म्हणजे चौकोनी जीभच, आणि वरच्या लाकडात तेवढंच भोक. ते एकमेकांत बसतं, ढिलं वाटलं तर पाचर, आणि वरच्या वजनाने आणखी घट्ट होतं. पण दारांना, फळ्यांना, रिपांना लोखंडी खिळे आहेतच, ठोकून बनवलेले, चौकोनी अंगाचे.

सोप्यातला एक खांब उतरवला तेव्हा त्याच्या कुसवाशेजारी छिन्नीने मारलेल्या तीन उभ्या रेघा दिसल्या. वर तुळईच्या भोकापाशी पण तीन रेघा. शेजारच्याला चार आणि चार. सुतारमामा हसले, म्हणाले, ताई, सगळं खाली जमिनीवर जुळवून, नंबर टाकून, मग वर चढवलंय. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा नंबर, आणि आम्ही तोच बघून खांब परत बसवला. त्या रेघांवर पॉलिश मारायचं नाही असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

आणि जे असं जुळवता येतं ते सोडवताही येतं. पुण्यात केळकर संग्रहालयात जो मस्तानी महाल आहे तो मूळचा कोथरूडचा, तिथून सोडवून आणून संग्रहालयात परत उभा केलेला. आरसीसी बिल्डिंगचं करून दाखवा असं!

खांब दगडावर नुसताच ठेवलाय? पाया नाही?

जोतं, म्हणजे घराखालचा दगडी चौथरा, आहे की, चांगलं तीन फूट उंच, काळ्या पाषाणाचं. खांब उथळ्यावर ठेवलेला असतो, पुरलेला नसतो, आणि हाच शहाणपणा. लाकूड जमिनीत पुरलं की वाळवी आणि ओल दोन्ही थेट आत. दगडावर ठेवलं की पाय कोरडा राहतो. गरिबाघरच्या साध्या घरात मात्र मेढी असायच्या, म्हणजे वर बेचकं असलेलं बाभळीचं नाहीतर लिंबाचं खोड सरळ जमिनीत रोवायचं आणि बेचक्यात आढं टाकायचं. अशी मेढ दर काही वर्षांनी तळाशी कुजायची. आपण "मुहूर्तमेढ रोवली" म्हणतो ना, ती हीच मेढ, मांडवाची असो नाहीतर घराची.

लाकूड कुठलं?

सागवान. घरात काही कड्या बाभळीच्या आहेत, बहुधा नंतर बदललेल्या. आमचं सागवान कुठून आलं याचा कागद नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही. शनिवारवाड्याचं सांगतात ते असं, सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडचा. जेजुरी आमच्या उशालाच, त्यामुळे आमचा चुना कुठला हे विचारायची गरज नाही.

वर माळवद का कौलं?

दोन्ही! पुढचा सोपा माळवदाचा म्हणजे सपाट मातीच्या छपराचा, मागे माजघरावर माडी आणि तिच्यावर उतरती कौलं.

हे पावसावर ठरतं. आपल्या एका जिल्ह्यात लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुणे शहरात साधारण सातशे, आणि बारामती-इंदापूरकडे गेलात की त्याहून कमी. म्हणून मावळ, मुळशी, भोरकडे उतार जोराचा, पाखं खालपर्यंत आलेली. पूर्वेला दौंड-शिरूरकडे सपाट माळवद, त्याच्यावर मिरच्या वाळवा, उन्हाळ्यात झोपा. आम्ही मधे, म्हणून दोन्ही.

माळवद म्हणजे कड्या, त्यावर फळी किंवा बारीक लाकडं, त्यावर पाला, मग मातीचे थर, सगळ्यात वर पांढरी किंवा चोपण माती. पांढरी माती म्हणजे गावठाणातलीच, पिढ्यान् पिढ्या घरं पडून-बांधून साचलेली. (शेत ती काळी, गाव ती पांढरी.) चोपण माती शेतीला वाईट पण छपराला सोनं, कारण भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी वरचं गवत उपटायचं, भेगा भरायच्या, धुम्मस मारून चोपायचं, उतार पन्हळीकडे आहे ना बघायचं. हे एक वर्ष चुकलं की झालं. आणि लोक काय करतात, दरवर्षी नवीन मातीचा थर टाकत राहतात, जुना काढत नाहीत, तीस वर्षांत छपरावर दोन फूट माती! ते वजन खालच्या कड्या बिचाऱ्या मुकाट्याने घेतात. आम्ही जवळजवळ सहा ट्रॉल्या माती उतरवली, तेव्हा दोन दारं जी वर्षानुवर्षं घासत होती ती आपोआप मोकळी झाली.

कौलांचं काम म्हणजे शाकारणी, मे महिन्यात, फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. माकडं असतील तर देवच तारी.

वाडा किती जुना? कसं ओळखलंत?

काका म्हणतात तीनशे वर्षं. गावात प्रत्येकाचा वाडा तीनशे वर्षांचाच असतो. कागद मिळाला नाही तर घरालाच विचारायचं. मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ च्या नंतरचं, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखानाच त्या साली सुरू झाला, आणि आपल्याकडे गावात पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली असणार. त्याआधी हाताने थापलेली नळीची कौलं. पण छप्पर नवीन म्हणजे घर नवीन असं नाही, छप्पर बदललेलं असू शकतं. खिळे ठोकलेले चौकोनी का कारखान्यातले तारेचे गोल, विटा चपट्या का आजच्या मापाच्या, खांब साधे का सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे, घोड्यांना केळफुलाची नक्षी आहे का. सुरूचा खांब आणि केळफूल बघून लगेच "पेशवेकालीन" म्हणू नका, ती फॅशन पेशवाई गेल्यावरही खूप वर्षं चालू होती. आमच्या माजघराचा सांगाडा जुना, सोपा नंतरचा आणि न्हाणी तर आजोबांनी बांधलेली, एवढंच मी म्हणेन.

आत आलं की आधी अंधार मग एकदम उजेड, असं का?

कारण तुम्ही दिंडीतून देवडीत, म्हणजे दरवाज्यामागच्या झाकलेल्या जागेत, आणि देवडीतून चौकात येता. दरवाजा आणि चौक एका सरळ रेषेत ठेवत नाहीत, रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसू नये. दरवाज्याच्या मागे भिंतीत एक लांब भोक आहे, त्यात अडणा सरकतो, म्हणजे हातभर जाडीची आडवी सोट, रात्री ओढून दुसऱ्या भिंतीत खोचायची. पोरांचा आवडता खेळ तो. चौकाभोवती ओसरी, तिथे हिशेब, पाहुणे, तंटे. मग सोपा, मग माजघर. माजघरात एकच छोटी खिडकी, मधोमध खांब, एका बाजूला देवघर, दुसरीकडे बाळंतिणीची खोली. माझी आई त्या खोलीत जन्मली नाही पण मामेबहिणी चार जणी तिथल्याच. धान्याचं बळद भिंतीच्या पोटात, वरनं ओतायचं खालच्या भोकातून काढायचं. माडीचा जिना पण भिंतीच्या जाडीतच, एवढा अरुंद आणि उभा की चढणारा एकेकटाच चढणार आणि वर उभ्या असलेल्याला काठी पुरेल. शोभेसाठी नाही केलेलं काही.

सिमेंट प्लास्टर केलं तर काय बिघडलं? स्वच्छ दिसतं की.

बसा. हे मी स्वतः भोगलंय.

सुरुवातीला एका कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की मॅडम, ही माती झडतेय, आतून बाहेरून सिमेंट मारून घेऊ, पन्नास वर्षं बघायला नको. मला पटलं. देवडीची एक बाजू आणि माजघराची पश्चिमेची भिंत मारली. दिसायला एकदम गुळगुळीत, काका खूश, व्हॉट्सॲपवर फोटो. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी गुढीपाडव्याला साफसफाई करताना त्या भिंतीतल्या खांबाच्या तळाशी रंग फुगलेला दिसला, मी स्क्रूड्रायव्हरने सहज टोचलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. केकमध्ये सुरी जाते तसा. आवाज सुद्धा नाही. बाहेर काढला तर टोकाला काळा ओला भुगा आणि कुबट वास.

झालं काय, की मातीची, चुन्याची भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढतच असते आणि तेवढंच बाहेर सोडत असते, अख्खी भिंत श्वास घेतल्यासारखी. सिमेंटने दोन्ही बाजूंनी तिचं तोंड बंद केलं. पाणी बाहेर पडेना म्हणून वर चढलं आणि निघायला जागा शोधत लाकडात शिरलं. दोनशे वर्षं कोरडा राहिलेला सागवानी खांब तीन वर्षांत पायातून गेला. ऑइलपेंटचं पण तेच, भिंतीला ऑइलपेंट म्हणजे रेनकोट घालून घामाघूम होणं.

दुरुस्ती अशी झाली. तुळईखाली दोन बाजूंना जॅक आणि टेकू लावून वजन उचललं, उचललं म्हणजे किती, तर खांबाखाली पोस्टकार्ड सरकेल इतकंच. कुजलेला दीड फूट कापून टाकला, चांगलं लाकूड लागेपर्यंत. खाली जुन्याच सागवानाचा तुकडा, पाडलेल्या दुसऱ्या वाड्यातला, अर्धा अर्धा छेद देऊन एकमेकांत तिरका बसवला, आरपार बोल्ट. नवीन सागवान का नाही, तर ते अजून आटत असतं, जुनं आटून बसलेलं असतं. जॅक सोडला तेव्हा एक बारीक कर्रर्र झाली आणि सुतारमामांनी कान लावून ऐकलं, डॉक्टरसारखं. मग म्हणाले, बसलं.

आता प्लास्टर चुन्याचं. चुना भिजवून पंधरा-वीस दिवस मुरवायचा, वाळू घालून मळायचा, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी टाकायचं. चुना मळायची घाणी नाही म्हणून मिक्सरवर भागवलं. हळू वाळतं, घाई असेल तर करू नका. आणि हो, सिमेंट काढताना निम्मी माती बरोबर निघते, तो खर्च वेगळा.

वाळवीचं काय करता?

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण बाहेरचा पांढुरका भाग, जो कंजूष मालकाने काढू दिला नाही, तो खाते. वाळवी जमिनीतून येते आणि मातीची नळी करत चढते, तर उथळी उघडी ठेवा, खांबाला पोती, सरपण टेकवू नका, नळी दिसली की लगेच मोडा आणि मग औषधवाल्याला बोलवा. बोटाच्या पेराने खांब ठोकत जायचं, टणटण वाजला तर बरा, बद्द वाजला तर खोदा. आधी लाकडाला बिब्ब्याचं तेल द्यायचे. आम्ही एका कडीला देऊन बघितलं. गड्याच्या हाताला बिब्बा उतला, आठ दिवस बिचारा खाजवत होता. त्यानंतर आम्ही जवसाच्या तेलावर आलो.

भूकंप झाला तर? किल्लारीला मातीची घरंच पडली ना?

पडली, आणि हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, लोक गाढ झोपेत. तिथेही घरात लाकडी खांब आणि खण होते. पण बाहेरच्या भिंती गोट्यांच्या, मातीत रचलेल्या, आतला थर वेगळा बाहेरचा वेगळा, दोघांना बांधणारे आरपार लांब दगड नाहीत. धक्का बसला की भिंत मधोमध फाटली आणि आत झोपलेल्यांवर कोसळली, वर माळवदाचा जाडजूड मातीचा थर. काही ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि माणसं भिंतीखाली गेली.

म्हणजे मघाशी मी भिंतीला पडदा म्हणाले खरी, पण तो पडदा तुमच्या अंगावर पडू शकतो. शिवाय आपल्या सांगाड्यात तिरके आधार नसतात, उभं वजन झकास घेतो, आडवा धक्का तेवढा नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या, छपरावरची जादा माती काढली, पडलेली भिंत परत रचताना दर दोन फुटांवर आरपार दगड घातले, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या, दिसणार नाहीत अशा. तुमच्या घराला काय लागेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितलं पाहिजे, आणि तो जुनी लाकडी घरं बघितलेला पाहिजे, नाहीतर तो सगळ्यालाच कॉलम-बीम सुचवतो.

पुराचं तर पुणेकराला सांगायला नको. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. भाजलेली वीट पाण्यात तग धरते, कच्चा भेंडा विरघळतो. आमचा वाडा कऱ्हेपासून चांगला उंचावर आहे, जुन्या लोकांनी जागा बघूनच बांधला.

आग?

मला खरी भीती याचीच. शनिवारवाडा १७३० ते १७३२ मधे बांधला, १६,११० रुपये खर्च आला सांगतात, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतलं सगळं गेलं. आज तिथे काय दिसतं, तट, जोती, कारंजी. जे दगडाचं ते राहिलं, जे लाकडाचं ते गेलं. सगळ्यांना वाटतं इंग्रजांनी तोफा डागून पाडला.

आमच्या घरात लाकडाच्या पट्टीवरून गेलेली जुनी कापडी वायर होती, उंदरांनी कुरतडलेली. छपराच्या आधी मी वायरिंग बदललं. तुम्हीही तेच करा, नक्षी नंतर.

उन्हाळ्यात एसी लागत नाही म्हणे?

माजघरात नाही लागत, एप्रिलमधे दुपारी दोनला सतरंजी टाकून झोपा, सुख आहे. माडीवर मात्र कौलांखाली भट्टी होते, तिथे दुपारी कोणी सांगितलं तरी जाऊ नका. इन्स्टाग्रामवर हे कोणी सांगत नाही.

खर्च किती आला?

काका हे वाचतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही. फ्लॅटच्या इंटिरिअरएवढा नक्कीच, पण चार वर्षांत पसरलेला. पहिला पैसा छपरावर, दुसरा पाण्याच्या निचऱ्यावर, तिसरा वायरिंगवर... नाही, वायरिंग पहिलं. आणि कोणी जुन्या लाकडाचा भाव सांगत दारात आलं तर चहा द्या आणि पाठवा. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, ही मंडळी वासे मोजून त्यांचा टनावर हिशेब करून येतात.

नावावर कोणाच्या आहे?

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आजोबांचं नाव, वारस सतरा. आधी सगळ्यांच्या सह्या घेऊन साध्या कागदावर लिहून घेतलं की दुरुस्ती म्हणजे मालकी नाही. हे केलं नसतं तर उथळ्यापर्यंतसुद्धा पोचलो नसतो. यापुढे जास्त विचारू नका.

असं काम करणारे सुतार मिळतात का?

मिळतात पण शोधावे लागतात. सनमायका-प्लायवाल्याकडून होणार नाही. आमचे मामा बैलगाड्या आणि देवळाचे रथ करणाऱ्यांपैकी. त्यांना कुसू म्हटलं की कळतं. विचारताना "जुना खांब पायातून बदलला आहे का कधी?" एवढंच विचारा.

आणखी कुठे बघता येईल?

पुण्यात बाजीराव रोडवर विश्रामबागवाडा, १८०७ चा, त्याचा लाकडी सज्जा आणि सुरूचे खांब रस्त्यावरूनच बघून घ्या. तिथून चालत केळकर संग्रहालय, दारं-खिडक्या नाकाला नाक लावून बघता येतात. शनिवारवाड्याला गेलात तर दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना बघा, आगीतून राहिलेलं लाकूडकाम ते. सासवडला सरदार पुरंदऱ्यांचा वाडा, बाहेरून किल्लाच. राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंचा वाडा, भीमेकाठी, साधा, आणि माझ्या मते गावच्या वाड्याचा सगळ्यात प्रामाणिक नमुना. सातारा जिल्ह्यात जायची तयारी असेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा घाट. तिथे लोक घाटावर फोटो काढून परत येतात. वर माडीवर जाऊन तक्तपोशी बघा ना!

तुमचा वाडा बघायला येऊ का?

या. आदल्या दिवशी फोन करा, काकू भाकऱ्या जास्त टाकतील. टॉर्च आणा. दिंडीतून येताना डोकं वाका आणि उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून या. सोप्यातला डावीकडून तिसरा खांब, ज्याच्यावर तीन रेघा आहेत, त्याला टेकून बसू नका. चुना अजून ओला आहे.